बँकॉकमध्ये राहून पुण्यातलं ऑफिस सांभाळताना: शहरात फिरायचं कसं

बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे चालतं. पुण्या-मुंबईच्या टीमबरोबर दहा ते सात काम करत असाल, तर तिथे तुमचं ऑफिस साडेअकरा ते साडेआठ. ही मोठी सोय आहे. सकाळची गर्दी ओसरल्यावर तुम्ही बाहेर पडता, संध्याकाळी रस्ते तुंबतात तेव्हा लॅपटॉपसमोर असता आणि काम संपतं तेव्हाही मेट्रोच्या गाड्या चालू असतात. म्हणून बाहेरची कामं दुपारी नाही, सकाळी उरका. अमेरिकेच्या टीमसाठी रात्री काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, त्यामुळे त्यांनी खोलीतूनच किंवा चालत जाता येईल अशा ठिकाणी काम करावं.

पहिलं काम: खोली

फिरण्याचा निम्मा प्रश्न खोली निवडतानाच सुटतो किंवा अडकतो. बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला सोई म्हणतात आणि तिला नंबर असतो. सुखुमवित रस्त्यावर विषम नंबरच्या सोई एका बाजूला, सम नंबरच्या दुसऱ्या बाजूला. पण हे नंबर समोरासमोर जुळत नाहीत. थोंग लो म्हणजे सोई ५५, आणि तिच्या समोर येते सोई ३८. नंबर जवळचा दिसला म्हणून जागा जवळ असेल, असं धरून चालू नका.

शिवाय सोई लांबलचक असतात. ‘थोंग लो स्टेशनजवळ’ अशी जाहिरात असलेली इमारत दोन किलोमीटर आतही निघू शकते. गूगल मॅप्सवर इमारतीच्या फाटकापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंतचं चालण्याचं अंतर बघा. दहा मिनिटांच्या वर असेल तर माझं मत सरळ आहे: ती खोली सोडा. तिथल्या दमट उन्हात पंधरा मिनिटं चालून मीटिंगला बसणं रोज झेपत नाही. भाडं कमी हवं असेल तर सोईत आत शिरण्यापेक्षा त्याच रेल्वेमार्गावर पुढे, ऑन नुत स्टेशनच्या दिशेला सरका. पहिले काही दिवस हॉटेलात राहून मगच करार करा.

विमानतळावरून

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातूनच शहराकडे रेल्वे सुटते. मक्कासानला उतरलात तर एमआरटी या भुयारी मेट्रोचं फेचबुरी स्टेशन पायी जोडलेलं आहे, आणि शेवटच्या फाया थाय स्टेशनला बीटीएस ही उन्नत मेट्रो मिळते. सामान जास्त असेल तर रांगेतली मीटर टॅक्सी घ्या. लहान गाडीचा मीटर ३५ बाटपासून (बाट हे थाई चलन) सुरू होतो, विमानतळाचे ५० बाट वर लागतात, टोल प्रवाशाने भरायचा. रांगेत मिळणारी चिठ्ठी उतरेपर्यंत जपून ठेवा.

कार्ड

बीटीएस आणि एमआरटीची तिकिटं वेगवेगळी. बीटीएससाठी रॅबिट कार्ड काढा, पासपोर्ट जवळ असू द्या. एमआरटीच्या निळ्या मार्गावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट फाटकावर टेकवता येतं, फक्त आत जाताना आणि बाहेर पडताना कार्ड तेच हवं. भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार चालू करायला विसरू नका. गाडीत खाणंपिणं चालत नाही. एसी कडक असतो, पातळ जॅकेट ठेवा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

सोईतला शेवटचा टप्पा

सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले मोटरसायकलवाले उभे असतात. त्यांच्या थांब्याला विन म्हणतात. आतल्या भागात जायला यांच्यासारखं साधन नाही. इमारतीचं नाव थाई लिपीत फोनमध्ये ठेवून दाखवा, भाडं आधी विचारा, हेल्मेट मागून घ्या, बॅगेचे दोन्ही पट्टे खांद्यावर अडकवा. वीस आणि पन्नासच्या नोटा लागतील. मोठ्या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याला मात्र बाईकवर बसू नका.

कालव्यातली बोट

नव्याने आलेले लोक ही बोट सहसा टाळतात, आणि ते त्यांचं नुकसान आहे. खलोंग सेन सेप हा कालवा सुखुमवितला साधारण समांतर जातो. जुन्या शहराच्या कडेच्या फानफा धक्क्यापासून बोट निघते, प्रतुनामला बदलावी लागते, पुढे आसोक, थोंग लो करत पूर्वेकडे जाते. जुन्या शहरात बीटीएस पोचत नाही, त्यामुळे तिकडे जायला हीच वाट चांगली.

बोट धक्क्याला क्षणभरच टेकते. दोर धरा आणि पटकन आत पाय टाका, रेंगाळू नका. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत येतात आणि रोख पैसे घेतात. कडेला बसलात तर समोरून बोट येताना ताडपत्रीची दोरी ओढायचं काम तुमचं, नाहीतर कालव्याचं काळं पाणी अंगावर येतं. लॅपटॉप जलरोधक पिशवीत आणि मांडीवर ठेवा.

पाऊस

मे ते ऑक्टोबर पावसाळा, आणि सरी बहुधा दुपार कलल्यावर येतात. तेव्हा ग्रॅब आणि बोल्ट या ॲपवरच्या टॅक्सींचे दर चढतात, रस्त्यावरच्या गाड्या जागच्या हलत नाहीत, सोईत पाणी साचतं. अशा वेळी टॅक्सीच्या मागे लागू नका. जवळचं स्टेशन गाठून थांबा, सर ओसरू द्या. सयाम ते चित लोम या बीटीएस स्टेशनांच्या भागात उन्नत पादचारी मार्ग आहे, तिथे खाली न उतरता बरंच चालता येतं.

कामाची जागा

कॅफे बदलत बसण्याआधी चारोएन क्रुंग रस्त्यावरच्या जुन्या पोस्ट ऑफिसच्या भव्य इमारतीतलं टीसीडीसी हे डिझाइन केंद्र बघा. सफान ताक्सिनला बीटीएसमधून उतरलात की खालीच साथोनचा धक्का आहे. तिथून चाओ फ्राया नदीतल्या बोटीने सी फ्राया धक्क्यापर्यंत जा आणि थोडं चाला. ग्रंथालयासारखी शांतता असते, म्हणून फोनवर बोलायचं काम असेल त्या दिवशी तिथे नको. सोमवारी ते बंद असतं.