फोटोशॉप शिकताय? या चुका टाळा, आणि व्हॉट्सअपवरचा फोटो फ्लेक्सला लावू नका

शिकायला आलेल्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, ते नावाला सोनेरी इफेक्ट कसा देत्यात?" नवीन फाइल कशी उघडायची, कुठल्या साइजची उघडायची, हे कोण विचारत नाही, डायरेक्ट सोनेरी. आता कोल्हापुरात वाढदिवसाचे फ्लेक्स बघत मोठं झालेलं पोरगं दुसरं काय विचारणार म्हणा. पण राजारामपुरीत बसून दुसऱ्यांच्या फाइली दुरुस्त करण्यात माझा निम्मा दिवस जातो, त्यावरून छातीठोक सांगतो, काम इफेक्टमधे बिघडत नाही. ते बिघडतं नवीन फाइलची खिडकी उघडते तिथं, नाहीतर शेवटी फाइल बाहेर देताना. मधलं सगळं निस्तरता येतं.

फोटो केवढा आहे हे न बघता काम सुरू करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

फुटबॉलचा सीझन होता. एका तालमीच्या टीमनं शाहू स्टेडियमवर मॅच मारली आणि समर्थकांना संध्याकाळपर्यंत वीस बाय दहा फुटाचा फ्लेक्स पाहिजे होता. फोटो आला व्हॉट्सअपवर, तोही कुठल्या कुठल्या ग्रुपमधून फिरून फिरून आलेला. मी बाहेर गेलो होतो, दुकानात शिकाऊ पोरगं. त्यानं कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं की प्रिंट म्हणजे ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), बास. मग गड्यानं इमेज साइज उघडलं, रुंदी २४० इंच, उंची १२० इंच, रेझोल्युशन ३०० टाकलं आणि खाली रिसॅम्पलची टिक (ती असली की फोटोशॉप मनानंच नवीन पिक्सेल भरतं) तशीच ठेवून ओके दाबलं.

आता हिशोब बघा. २४० गुणिले ३०० म्हणजे ७२,००० पिक्सेल रुंदी, उंची ३६,०००. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या वर सेव्हच होत नाही, जेपीजी ६५,५३५ च्या वर जात नाही. मशीन तासभर घुमत बसलं, मग हँग. पोरानं घाबरून बटण दाबून बंद केलं आणि नावांची लांबलचक यादी टाइप केली होती तीपण गेली. मी आलो तवर दारात दहाबारा जण उभे, "झालं का ओ भाऊ, मिरवणूक निघायची वेळ झाली."

मी काय केलं ते सांगतो, कारण चेक करायची माझी पद्धत तीच आहे. इमेज साइजमधे जायचं, रिसॅम्पलची टिक आधी काढायची, मग रुंदीत खरी प्रिंटची साइज टाकायची आणि रेझोल्युशनच्या चौकटीत काय आकडा येतो तो बघायचा. तो फोटो १६०० पिक्सेल रुंद होता. आकडा आला ६.६६७. म्हणजे एका इंचात सातसुद्धा पिक्सेल नाहीत, फ्लेक्सवर एकेक पिक्सेल जवळजवळ चार मिलिमीटरचा दिसणार, खेळाडूंच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन. तिथं ३०० टाकलं काय आन ३००० टाकलं काय, तांबड्या रश्शात पाणी ओतून पंगत वाढवल्यासारखं, रस्सा वाढतो पण चव कुठनं येणार?

मग ज्यानं फोटो काढला त्याला शोधून फोन लावला, गॅलरीतला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. ४००० पिक्सेलचा आला. तोही पूर्ण वीस फुटावर ताणला नाही, निम्म्या फ्लेक्सवर बसवला, बाकी जागेत नावं आणि कप. १२० इंचात ४००० पिक्सेल म्हणजे ३३ च्या आसपास, रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला चालून जातं. जवळ जाऊन नाक लावून फ्लेक्स कोण बघत नाही.

तर सवय काय लावायची. हातात धरून बघायची गोष्ट, म्हणजे पत्रिका, कार्ड, माहितीपत्रक, ३०० डीपीआय. ए४ असेल तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल. मोठा फ्लेक्स मी ७२ वर करतो, फारच मोठा असेल तर त्याच्याही खाली. वीस बाय दहाला ७२ धरलं तर १७,२८० बाय ८,६४० होतात, मशीन आरामात ओढतं. आणि गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच, "फोटो डॉक्युमेंट करून पाठवा." व्हॉट्सअपला आता एचडीचं बटण आहे, पण त्यातही फोटो दाबून लहान केलाच जातो, डॉक्युमेंट केला की जसाच्या तसा येतो.

एआयनं फोटो मोठा करून देणारी ॲपं आलीत, पोरं लगेच तिकडं पळतात. झाड, गाडी, इमारत असेल तर ठीक. माणसाच्या तोंडाला लावू नका. ते तोंड गुळगुळीत करतं, डोळे मनानंच काढतं आणि फ्लेक्सवर त्याचा चुलतभाऊ उभा राहतो.

मराठी फॉन्ट: इथं निम्मं कोल्हापूर अडकतं

दोन वेगळ्या भानगडी आहेत, लोक एकच समजतात.

पहिली, जुन्या पद्धतीचे फॉन्ट. श्रीलिपी, आकृती वगैरेचे जुने फॉन्ट वापरून टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यावर मराठीचा मुखवटा. घरी कोरलड्रॉमधे पत्रिका केली, फाइल पेनड्राइव्हवर घेऊन प्रेसला गेला, तिथं तो फॉन्ट नाही, की "आमचे येथे श्रीकृपेकरून" च्या जागी नुसता कचरा. त्यात प्रेसवाल्याला घाई असेल तर तो खिडकीत आलेल्या प्रश्नाला ओके दाबून मोकळा होतो आणि फॉन्ट बदलून जातो. उपाय सोपा आहे. फाइलची एक कॉपी करायची, त्या कॉपीत सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे अक्षरांची कर्व्ह होतात, अक्षराचं नुसतं चित्र उरतं, फॉन्ट लागत नाही, मग कुठल्याही मशीनवर उघडा. इलस्ट्रेटरमधे तेच काम कंट्रोल शिफ्ट ओ करतं. पण कॉपीत ओ. मूळ फाइलच कर्व्ह करून सेव्ह करणारे महाभाग रोज भेटतात, मग मुहूर्ताची वेळ बदलली की परत सगळं टाइप करत बसतात.

दुसरी, युनिकोड. ह्यात मजकूर खराच मराठी असतो, व्हॉट्सअपवरून कॉपी करून टाकता येतो, त्यामुळं पोरं खूश. पण जुन्या फोटोशॉपात टाकला की "शिवाजी" मधली पहिली वेलांटी श च्या उजवीकडं जाऊन उभी राहते, "कोल्हापूर" चा ल् पाय मोडून एकटाच पडतो आणि "आशीर्वाद" चा रफार खाली उतरतो. पोरगं म्हणतं फॉन्ट खराब आहे, दुसरा टाकतं, तिसरा टाकतं. फॉन्टचा काही दोष नसतो ओ. प्रेफरन्समधे टाइपमधे जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट निवडायचं, फोटोशॉप बंद करून परत चालू करायचं आणि नवीन फाइल घ्यायची. काही व्हर्जनमधे त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं, तेच ते. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमधे पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड रेडी कंपोजर आहे.

मुक्ता आणि बालू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, जोडाक्षरं व्यवस्थित येतात. शिकताना एवढ्या दोनवर भागवा, तीनशे फॉन्ट भरून मशीन जड करायची काय गरज नाही.

भगवा मातकट झाला

स्क्रीनवर झगझगीत दिसणारा भगवा छापून आल्यावर विटका, ही तक्रार शिवजयंतीच्या आधी ठरलेली. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा. प्रेस शाईनं छापते, सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शाया. स्क्रीनवरचे काही केशरी, पोपटी आणि गडद निळे शाईत येतच नाहीत. फोटोशॉपमधे कंट्रोल वाय दाबा, छापल्यावर साधारण कसं दिसेल ते कळतं. भगवा मी आकडे टाकून बनवतो, सायन शून्य, मॅजेंटा ६० ते ७०, यलो १००, ब्लॅक शून्य. सायन जरासा जरी शिरला तरी रंग मातीत जातो. जोतिबाच्या गुलालाचं पण तेच, मॅजेंटा मोकळा ठेवा, सायन-ब्लॅक लांब.

बारीक काळी अक्षरं असतील तर ती फक्त ब्लॅक १०० मधे. आरजीबीतला काळा नुसता कन्व्हर्ट केला की फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगला तो ७५, ६८, ६७, ९० असा चार शायांत वाटला जातो, आणि ऑफसेट छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, त्यातली एक केसभर सरकली की अक्षराला रंगीत सावली. काही फ्लेक्सवाले मात्र आरजीबी फाइलच मागतात, त्यांच्या मशीनचं सॉफ्टवेअर रंग बदलून घेतं. आधी फोन करून विचारा, एक मिनिट लागतं.

बाकीच्या, पटापट

फोटो वाकडातिकडा ताणला जातो? जुन्या व्हिडिओत शिफ्ट दाबून ओढा असं सांगतात. फोटोशॉप सीसी २०१९ पासून उलटं आहे, न दाबता ओढलं की प्रमाणात, शिफ्ट दाबलं की ताणतं. साहेबांचं तोंड भाकरीएवढं होतंय ते ह्यामुळं.

फोटोचं बॅकग्राउंड खोडरबरानं, म्हणजे इरेझरनं, खोडू नका. मास्क, म्हणजे फोटो न खोडता नुसता झाकणारा पडदा, लावा, काळ्या ब्रशनं झाका, पांढऱ्यानं परत आणा, एक्स दाबून रंग बदलत राहा. फेट्याचा तुरा खोडला गेला की परत येत नाही, मास्कमधे येतो. हे सांगून माझं तोंड दुखलंय.

एकच जेपीजी उघडून बदल करून परत परत सेव्ह करायची नाही, दरवेळी क्वालिटी उतरते. काम पीएसडीत, जेपीजी शेवटी एकदाच. लोगोला मागचा भाग पारदर्शक पाहिजे असेल तर पीएनजी.

पत्रिकेला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग. फ्लेक्सला कडेचे तीनचार इंच मोकळे सोडा, ते फ्रेमवर दुमडले जातात, नाहीतर कडेच्या कार्यकर्त्याच्या कानात खिळा बसतो आणि तो तुम्हाला शोधत येतो.

क्रॅक सॉफ्टवेअर टाकू नका, व्हायरस येतोच. फोटोपी ब्राउझरमधे चालतं, पीएसडी उघडतं. जिम्प, इंकस्केप फुकट आहेत. सुरुवात त्यावर करा, हात बसला की मग पैसे घाला.

आणि मशीनला फाइल पाठवायच्या आधी नावं आणि फोटोंचा क्रम गिऱ्हाइकाकडून लेखी ओके करून घ्या. फोनवर "चालतंय की ओ, टाका" म्हणणाराच दुसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षांचा फोटो खाली का म्हणून दुकानात येतो, तेव्हा दाखवायला मेसेज पाहिजे.