सोयाबीन प्लांटचं पाणी ओढ्यात येतंय? तक्रार अशी करा की टिकली पाहिजे

लातूर भागात सोयाबीन जितकं पिकतंय तितकेच त्याचं तेल काढणारे प्लांटही दिसतात, आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला एक आहे, नाव नाही घेत. ओढ्यावर तवंग आला, बैलं पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा आम्ही पाच-सहा जण प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. का, ते आधी समजून घ्या.

पाणी कायदा 1974 च्या कलम 21 मध्ये नमुना घ्यायची रीत दिलीय, बोर्डाच्या, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं कारखान्याला नोटीस देऊन, सील करून, सही करून घेतलेला नमुनाच कोर्टात चालतो. आपली बाटली पुरावा नाही. तेल तर प्लास्टिकला चिकटून बसतं, त्यासाठी काचेचीच बाटली लागते. म्हणजे आपलं काम एवढंच, की बोर्डाचा माणूस पाणी सुटतंय त्याच वेळी तिथं आला पाहिजे.

त्यासाठी वही करा. तारीख, वेळ, वास, रंग, कोणत्या पाइपातून, मोबाइलवर लोकेशन चालू ठेवून फोटो. आमच्याकडं पाणी रात्री सुटायचं, महिनाभर लिहिल्यावर वार आणि वेळ सापडली, मग तीच वेळ तक्रारीत घातली.

दुसरं, प्लांटच्या कन्सेंटची, म्हणजे संमतीपत्राची प्रत मिळवा. ह्याशिवाय पुढं जाऊच नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्लांटला जी संमती देतं त्यात लिहिलेलं असतं रोज किती पाणी, ते कुठं सोडायचं, चिमणीची उंची किती, मुदत कधीपर्यंत. मंडळाच्या वेबसाइटवर बरेच सापडतात, नाही सापडला तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ओढ्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा म्हणजे तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) 30 मिलिग्रॅम, पण तुमच्या प्लांटच्या कन्सेंटमध्ये असेल तोच आकडा धरा. नुसतं तेल काढणाऱ्या प्लांटपेक्षा रिफायनरी जोडलेली असली की साबणासारखं तेलकट पाणी जास्त निघतं, तेही बघून ठेवा.

तक्रारीत "प्रदूषण होतंय" असं मोघम लिहू नका, कन्सेंटमधली अट अमुक, घडतंय तमुक, असं लिहा. अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. एक प्रत तहसीलला, एक ग्रामपंचायतीला. विहिरीचं पाणी भूजल सर्वेक्षणाच्या लॅबमध्ये तपासून घ्या, आणि प्लांट अजून व्हायचा असेल तर आत्ताच घ्या, नाहीतर आधी पाणी चांगलं होतं हे सिद्ध कशानं करणार.

एक जिवाची गोष्ट. तेल हेक्झेन नावाच्या पेट घेणाऱ्या द्रावकानं काढतात, त्याला पेट्रोलसारखा वास येतो आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ओढ्यात, खड्ड्यात साचते. वास दाट आला की बिडी पेटवू नका, मोटारीचं बटण दाबू नका, आधी लांब व्हा आणि 112 ला फोन लावा.

एवढं करूनही हलचाल नसली तर पुण्यात हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तिथं वाद मांडायला कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने मिळतात, नुकसानभरपाईला 5 वर्षं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पहिला तवंग दिसला ती तारीख लिहा, आमची ती राहून गेली आणि नंतर आठवता आठवेना.