व्यसनमुक्ती केंद्रात पैसे भरण्याआधी

घरातल्या माणसाची दारू सुटावी म्हणून मंगळसूत्र गहाण टाकायच्या आधी केईएम, सायन किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. मुंबई पालिकेची रुग्णालयं आहेत, खासगीच्या मानाने खर्च अगदी थोडा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कुठे जावं सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, पुष्कळ पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. खासगी केंद्रात जायचंच तर डॉक्टर कधी येतात, औषधांचे वेगळे किती, मध्येच घरी आणलं तर परत किती, हे कागदावर घ्या.

आणि कृपा करून, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरतात, फिट येते, जिवावर बेतू शकतं.