कार्टिलेज आणि बोनच्या स्लाइड ओळखताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेत माझ्याकडे फर्स्ट इयरची मुलं शिकायला येतात, एमबीबीएसची, फिजिओची, थोडी नर्सिंगचीपण, आणि कनेक्टिव्ह टिश्यू, कार्टिलेज (कूर्चा), बोन (हाड) सुरू झालं की त्याच त्या चुका परत दिसायला लागतात. मुलं हुशार असतात, पाठांतर पक्कं असतं, कोलॅजनचे टाइप झोपेत विचारले तरी सांगतील, आणि तरी स्पॉटिंगला, म्हणजे स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत, मार्क जातात. २०२२ पासून आपल्या एमपीत एमबीबीएसची पुस्तकं हिंदीतपण आलीत, काहीजण ती वाचतात, काही इंग्रजी वाचतात, चूक दोघांची सेम. ती म्हणजे स्लाइड बनताना त्या टिश्यूचं काय काय झालंय हे कुणी बघतच नाही. फॉर्मॅलिन, मग अल्कोहोल, मग झायलीन, मग गरम पॅराफिन, एवढं सगळं झाल्यावर जे उरलं तेच काचेवर असतं, आणि मुलं धरून चालतात की शरीरात पण अस्संच असणार.

अॅडिपोज टिश्यूचंच घ्या ना. पांढरी पांढरी रिकामी भोकं दिसली की कुणी लंग लिहितं, कुणी काहीच लिहीत नाही. अहो तिथे फॅट होतं, अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ते विरघळून गेलं, आता फक्त सेलची कड राहिलीये आणि न्यूक्लियस त्या कडेला चपटा होऊन चिकटलाय. तो कडेचा न्यूक्लियस शोधा, सापडला की प्रश्न संपला. फॅट खरंच बघायचं असेल तर फ्रोझन सेक्शन (टिश्यू गोठवून काढलेला काप) करून सूडान किंवा ऑइल रेड ओ हा फॅटचा स्टेन लावावा लागतो.

कार्टिलेजमध्ये पण हेच होतं. कॉन्ड्रोसाइट, म्हणजे कार्टिलेजचा सेल, आणि लॅक्युनाची, म्हणजे तो बसतो त्या पोकळीची, भिंत यांच्यामध्ये जी पांढरी फट दिसते ती बघून व्हायवात (तोंडी परीक्षेत) मुलं सांगतात की लॅक्युनात फ्लुइड असतं. नसतं. जिवंत कार्टिलेजमध्ये सेल पूर्ण लॅक्युना भरून असतो, प्रोसेसिंगमध्ये तो आक्रसतो म्हणून फट पडते.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, हायलाइनमध्ये (कार्टिलेजचा एक प्रकार, बाकीचे दोन इलॅस्टिक आणि फायब्रो) फायबर नसतात. असतात, भरपूर असतात, टाइप टू कोलॅजनचे अगदी बारीक फायब्रिल असतात, फक्त त्यांचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) आजूबाजूच्या ग्राउंड सब्स्टन्सएवढाच, म्हणजे मधल्या जेलीसारख्या भागाएवढाच, असल्यामुळे ते वेगळे दिसत नाहीत. उत्तर देताना "फायबर दिसत नाहीत" म्हणा, "नसतात" म्हणू नका, एक्झामिनर तिथेच पकडतात. बाकी त्या मॅट्रिक्समध्ये (सेलच्या बाहेरचा सगळा भाग) ओल्या वजनाच्या ६० ते ८० टक्के पाणीच असतं, प्रोटिओग्लायकन ते धरून ठेवतात, म्हणूनच गुडघ्यावर एवढा भार पडून पण आर्टिक्युलर कार्टिलेज तो झेलतं.

रंगावरून ओळखणं तर लगेच सोडा. निळसर म्हणजे हायलाइन, गुलाबी म्हणजे फायब्रो, काळे धागे म्हणजे इलॅस्टिक, असं पाठ केलेलं असतं आणि कॉलेजची स्लाइड जुनी, रंग उडालेला, की सगळं कोसळतं. इलॅस्टिक फायबर साध्या एच अँड ई मध्ये (नेहमीचा गुलाबी-जांभळा स्टेन) नीट दिसतच नाहीत, व्हरहॉफ लावला तर काळे, ऑर्सीन लावला तर ब्राउन. रेटिक्युलर फायबर पण सिल्व्हर स्टेनमध्ये काळेच येतात, म्हणजे नुसतं काळं बघून काय लिहिणार? आजूबाजूला लॅक्युना आहेत का बघा, लॅक्युना असतील तर बाहेरचा कान (पिना) किंवा एपिग्लॉटिस, आणि लिम्फोसाइटची गर्दी असेल तर लिम्फ नोड. फायब्रोकार्टिलेजला पेरिकॉन्ड्रियम (कार्टिलेजभोवतीचं आवरण) नसतं, जाड टाइप वन कोलॅजनच्या पट्ट्यांमध्ये गोलसर सेल्स लॅक्युनात रांगेने बसलेले असतात. टेंडनमध्ये पण रांगा असतात, पण तिथे लॅक्युना नाहीत आणि न्यूक्लियस चपटे, बारीक रेघेसारखे. आर्टिक्युलर कार्टिलेज हायलाइन असून त्याला पेरिकॉन्ड्रियम नसतं हे मात्र लक्षात ठेवा, त्याला पोषण मिळतं सायनोव्हियल फ्लुइडमधून (सांध्यातला द्रव), हा व्हायवातला आवडता प्रश्न आहे.

आता बोन, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण स्लाइड दोन प्रकारच्या असतात आणि मुलं दोन्हींना एकच चित्र काढतात. ग्राउंड सेक्शन म्हणजे वाळलेल्या हाडाचा तुकडा करवतीने कापून दगडावर घासून घासून पातळ केलेला, अॅसिड नाही, स्टेन नाही. मिनरल सगळं जागेवर, सेल्स मात्र गेलेले. डिकॅल्सिफाइड म्हणजे नायट्रिक किंवा फॉर्मिक अॅसिड नाहीतर ईडीटीए वापरून मिनरल काढून टाकलेलं आणि मग नेहमीसारखं पॅराफिन आणि एच अँड ई, तिथे ऑस्टिओसाइट (हाडाचा सेल), पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण), कॅनॉलमधली रक्तवाहिनी, मॅरो सगळं दिसतं पण कॅनॅलिक्युली (लॅक्युनांना जोडणाऱ्या बारीक नळ्या) जवळजवळ दिसतच नाहीत.

एका मुलीने ग्राउंड सेक्शन लावला आणि म्हणाली, "ताई, यात तर किती ऑस्टिओसाइट आहेत, सगळे काळे." तिला म्हटलं डायफ्रॅम थोडा बंद कर आणि फाइन फोकस हळू हळू फिरव. प्रकाश कमी झाला तसे त्या प्रत्येक काळ्या ठिपक्यातून केसासारखे धागे बाहेर येताना दिसायला लागले, एका रिंगमधून पुढच्या रिंगमध्ये, आणि एक तर सरळ मधल्या हॅवर्सियन कॅनॉलपर्यंत (रक्तवाहिनीची नळी) जात होता. काळं जे दिसतं ती लॅक्युना आणि कॅनॅलिक्युलीत अडकलेली हवा आहे, सेल नाही. म्हणून त्या चित्रात "लॅक्युना" असं लेबल करायचं, "ऑस्टिओसाइट" नाही, आणि जर्नलमध्ये ते गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने रंगवायचं पण नाही, साधी पेन्सिल वापरा.

हे धागे का आहेत ते समजलं तर अर्धा चॅप्टर आपोआप येतो. कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नसतात तरी मॅट्रिक्स पाणीदार असल्याने त्यातून पोषण झिरपत पोचतं. हाडाचं मॅट्रिक्स कॅल्सिफाइड, त्यातून काही झिरपत नाही, म्हणून ऑस्टिओसाइटला कॅनॅलिक्युलीतूनच शेजाऱ्याशी जोडून राहावं लागतं, आणि म्हणूनच ऑस्टिऑन (एक हॅवर्सियन कॅनॉल आणि त्याभोवतीच्या रिंगा) साधारण ०.२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, रक्तवाहिनीपासून फार लांब जगणं जमत नाही. ह्याच कडकपणामुळे हाड आतून फुगून वाढू शकत नाही, फक्त पृष्ठभागावर थर चढून वाढतं, कार्टिलेज मात्र दोन्ही प्रकारे वाढतं. हॅवर्सियन कॅनॉलचं नाव क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज डॉक्टरवरून, १६९१ चं त्याचं लिखाण आहे. आडव्या जाणाऱ्या वोल्कमन कॅनॉलभोवती लॅमेलीच्या (हाडाच्या पातळ थरांच्या) गोल रिंगा नसतात, ओळखायची खूण तीच. आणि ऑस्टिऑनच्या मधल्या जागेत जे अर्धवट तुकडे दिसतात, इंटरस्टिशियल लॅमेली, ते जुन्या मोडलेल्या ऑस्टिऑनचे अवशेष आहेत, तो वेगळा प्रकार समजू नका.

मायक्रोस्कोपची एक गोष्ट. लो पॉवरवर छान दिसतं आणि ४० एक्सवर काही केल्या फोकस होत नाही, तर आधी स्लाइड उलटी लागलीये का बघा, कव्हर स्लिप खाली गेली की हेच होतं. जोर लावून खाली आणू नका, कव्हर स्लिप तडकते आणि लेन्सवर ओरखडा येतो. ग्राउंड सेक्शन मुळातच जाड असतो, त्यात एकाच वेळी सगळं शार्प दिसणार नाही.

ऑस्टिओक्लास्ट (हाड मोडणारा सेल) ऑस्टिओब्लास्टपासून (हाड रचणारा सेल) बनतो असं अजूनही लिहून येतं. नाही, तो मोनोसाइटच्या घराण्यातला, पुष्कळ न्यूक्लियसवाला मोठा सेल. ऑस्टिओब्लास्टचा होतो तो ऑस्टिओसाइट.

शेवटचं, एपिफिसियल प्लेट, म्हणजे वाढत्या हाडाच्या टोकाजवळची कार्टिलेजची पट्टी. मुलं लिहितात "कार्टिलेजचं बोनमध्ये रूपांतर होतं", आणि हे वाक्य चूक आहे. स्लॅब टाकताना सेंट्रिंग ठोकतात, स्लॅब पक्का झाला की काढून घेतात, सेंट्रिंगचा काही स्लॅब होत नाही. इथेपण कॅल्सिफाय झालेल्या कार्टिलेजच्या उरलेल्या भिंतींवर ऑस्टिओब्लास्ट हाड रचतात आणि कार्टिलेज हळूहळू काढून टाकलं जातं. कवटीच्या वरच्या भागाच्या हाडांत तर कार्टिलेजचा मॉडेलच नसतो, मेसेनकाइममध्ये (गर्भातली सुरुवातीची टिश्यू) सरळ हाड बनतं. स्लाइडवर झोन लिहिताना आधी शाफ्टची (हाडाच्या मधल्या दांड्याची) बाजू ठरवा. विखुरलेले छोटे शांत सेल्स एपिफिसिसकडे (हाडाच्या टोकाकडे), मग प्रोलिफरेशनच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या सेल्सच्या, रांगा, मग फुगलेले हायपरट्रॉफीवाले, मग कॅल्सिफिकेशन, आणि मॅरो व नवीन हाड दिसलं की ती शाफ्टची बाजू. स्लाइड ट्रेमध्ये कुठल्याही बाजूने ठेवलेली असू शकते, मायक्रोस्कोप प्रतिमा उलटी पण करतो, त्यामुळे वर-खाली बघून झोन कधीच लिहू नका.