होड्यांच्या जुन्या पेंटिंगची किंमत काढताय? या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतंच. निळंकरडं पाणी, चाकूने ओढलेल्या चार होड्या, कोपऱ्यात सही आणि खाली एक ओळ, "सर, किती येतील?" फोटो तिरका, काचेत ट्यूबलाइट दिसतेय, आणि मागच्या बाजूचा फोटो नाहीच. अहो, आधी चित्र उलटं करा! मी तरी पाठ बघतो आधी, होड्या नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दाखवायच्या आधी "जरा नीट करून घेणं". दादरच्या एका काकूंकडे सासऱ्यांनी साठच्या दशकात प्रदर्शनातून घेतलेलं होड्यांचं ऑइल पेंटिंग होतं. मी बघायला येणार म्हणून त्यांनी हौसेनं नवी फ्रेम करून घेतली. फ्रेमवाल्याने काय केलं, तर मागचा जुना पुठ्ठा टाकून दिला, ज्याच्यावर प्रदर्शनाची चिठ्ठी होती, चित्राचं नाव, शाईने लिहिलेली किंमत, सगळं. मग स्ट्रेचरला, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवतात त्या लाकडी चौकटीला, मारलेल्या चुका उपटल्या (खिळेवाल्या चुका म्हणतोय, गंजलेल्या असल्या तरी त्याही वय सांगतात), कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडा कापल्या आणि उरलेलं प्लायवर पांढऱ्या गोंदाने चिकटवून दिलं. दिसायला चकाचक! मला काय बोलावं सुचेना, काकू बिचाऱ्या चहा ठेवायला गेल्या. शेवटी लग्नाचा एक अल्बम निघाला, नवरानवरी सोफ्यावर आणि मागे भिंतीवर त्याच होड्या. तो फोटो फाइलला लावला, पण चिठ्ठीची सर नाही त्याला.

दुसरी चूक, सही वाचायची आणि थेट लिलावाच्या विक्रमावर उडी मारायची. मार्च २०२५ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेनचं 'ग्रामयात्रा' १.३७ कोटी डॉलरच्या पुढे गेलं आणि माझा फोन आठवडाभर थांबला नाही. ते १९५४चं, जवळजवळ चौदा फूट लांब चित्र आहे हो, तुमचं दोन फुटांचं. तुलना करायची तर तोच चित्रकार, तोच काळ, तेच माध्यम, साधारण तोच आकार, आणि जमलं तर तोच विषय. चित्रकार रामकुमार १९६०च्या सुमारास हुसेनबरोबर बनारसला गेले, तिथून त्यांचे घाट आणि नदी आली. त्या चित्राची किंमत त्यांच्या १९५०च्या दशकातल्या उदास माणसांच्या चित्रांवरून काढू नका. आणि छापून येणाऱ्या आकड्यात बहुतेक वेळा खरेदीदाराने लिलावघराला वर भरलेलं प्रीमियमही असतं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. हे सांगितलं की लोक माझ्यावरच चिडतात.

सही भिंगाने बघा. जुन्या भेगांमध्ये सहीचा रंग उतरलेला असेल तर ती भेगा पडल्यावर केलीय, सरळ आहे. यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारला की नंतरचं टचअप बऱ्याचदा काळपट डागासारखं दिसतं, पण टॉर्च घेतला म्हणजे तज्ज्ञ झालो असं नाही, हे यूट्यूब बघून आलेल्यांना कोण सांगणार.

चित्र साफ करायला बटाटा, साबण, ब्रेड, काहीही घासू नका. कापूस आणि स्पिरिट तर नाहीच नाही.

माप फ्रेमसकट घेऊ नका.

कधीकधी कॅनव्हासवर नुसती प्रिंट काढून, ब्रशचे फटकारे वाटावेत म्हणून वर जेल फिरवलेलं असतं, भिंगात छपाईचे बारीक ठिपके दिसले की विषय संपला.

विम्याची किंमत वेगळी, विक्रीची वेगळी. दोन्हींना एकच आकडा मागू नका.

अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी नाव तपासा. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय धरून काही मोजक्या चित्रकारांची कामं १९७२च्या कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत.

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरून उतरवलंत तर कपाटात कोंबू नका, बुरशी धरते. सावलीत, हवा लागेल असं उभं ठेवा. मग सकाळी खिडकीपाशी फोटो काढा, समोरून, मागून, चारही कडा, सही जवळून. फ्लॅश बंद.