अमेरिकेच्या सुरुवातीच्या प्रजासत्ताकाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

बरीच वर्षं मी एम.ए.च्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते आहे. १८०० ते १८४० या काळातल्या अमेरिकेवरची उत्तरं तपासताना एकच साचा पुन्हा पुन्हा दिसतो. आधी दोन पानं लोकशाहीचा विस्तार, कालवे, गिरण्या. मग ‘मात्र’ हा शब्द, आणि त्याच्यापुढे चार ओळींत गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांची हकालपट्टी. माझं भांडण त्या ‘मात्र’शी आहे. मतदार वाढले, कापूस वाढला, गुलाम वाढले आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, हे सगळं त्याच वर्षांत आणि पुष्कळदा त्याच माणसांच्या हातून झालं. ते वेगवेगळ्या परिच्छेदांत टाकलं की काळच कळेनासा होतो.

आधी नावांचा घोळ

तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे अनुयायी स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा, तो निराळा. म्हणून जेफरसनच्या पक्षाला उत्तरात डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणा. हे नीट समजलं की १८२४ ची अध्यक्षपदाची निवडणूकही सुटते. तेव्हा रिंगणातले चारही उमेदवार याच पक्षाचे होते. अँड्र्यू जॅक्सनला सर्वाधिक ९९ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या निर्वाचकांची मतं) मिळाली, पण बहुमताला १३१ लागत होती. निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला, हेन्री क्ले यांनी आपलं वजन जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या पारड्यात टाकलं, आणि पुढे अ‍ॅडम्सनी क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं. याला ‘भ्रष्ट सौदा’ म्हणणं हा जॅक्सनच्या गोटाचा आरोप होता. तो आरोप म्हणूनच लिहा.

दुसरा घोळ ‘इंडियन’ या शब्दाचा. ‘इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट’चं ‘भारतीय स्थलांतर कायदा’ असं भाषांतर मी छापील नोट्समध्ये वाचलं आहे. हा कायदा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा, भारतीयांशी त्याचा संबंध नाही. ‘रेड इंडियन’ही आता सोडून द्यायला हवं. चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ, सेमिनोल अशी नावं लिहा. ती स्वतंत्र राष्ट्रं होती आणि अमेरिकेचे त्यांच्याशी तह झालेले होते. ‘जमाती’ एवढंच लिहिलं तर तह मोडण्याचा मुद्दा हातातून निसटतो.

मताधिकार जॅक्सननं दिला नाही

ही सर्वात जास्त आढळणारी चूक. जॅक्सन १८२८ मध्ये निवडून आले. त्याआधीच बहुतेक राज्यांनी गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढली होती किंवा सैल केली होती, आणि पश्चिमेकडची इंडियाना, इलिनॉयसारखी नवी राज्यं ती अट न ठेवताच संघराज्यात आली. जॅक्सन या बदलामुळे वर आले. १८२४ मध्ये पात्र मतदारांपैकी साधारण २७ टक्के लोकांनी अध्यक्षपदासाठी मतदान केलं होतं. १८२८ मध्ये ते प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास गेलं.

याच्या पोटात आणखी एक चूक आहे: ‘मताधिकार हळूहळू सर्वांपर्यंत पोहोचू लागला.’ कायदे उघडून बघा. न्यू जर्सीत १८०७ पर्यंत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा मतदान करत होत्या, स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषही करत होते. १८०७ च्या कायद्यानं दोघांचाही हक्क गेला. न्यूयॉर्कनं १८२१ च्या संविधानात गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट उठवली आणि कृष्णवर्णीयांना मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. पेनसिल्व्हेनियानं १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांना मतदानातून पूर्ण वगळलं. दार एका बाजूनं उघडत होतं आणि दुसऱ्या बाजूनं लागत होतं, तेही पुष्कळदा एकाच कलमात. न्यूयॉर्कचं ते कलम मी वर्गात फळ्यावर लिहिते, मग वेगळं समजावावं लागत नाही.

यंत्र आलं म्हणजे गुलाम कमी झाले, हा तर्क

विदर्भ-खान्देशातल्या वाचकांना सरकी म्हणजे काय हे सांगायला नको. दोन लाटण्यांमधून रुई ओढून सरकी मागे ठेवणारं साधन भारतात शतकानुशतकं होतं. अमेरिकेच्या समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसालाही तसं साधन चाले. आतल्या प्रदेशात पिकणारा आखूड धाग्याचा कापूस मात्र सरकीला चिकटून बसे. हातानं दिवसभर काढून जेमतेम एक पौंड रुई निघायची. एली व्हिटनीनं १७९३ मध्ये दातेरी यंत्र केलं आणि दिवसाला ५० पौंडांपर्यंत रुई निघू लागली. काम वाचलं ते फक्त सरकी काढण्याचं. पेरणी, खुरपणी आणि वेचणी हातानंच होत राहिली, आणि आता कितीही कापूस खपत होता. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८३० मध्ये २० लाख.

‘१८०८ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला’ हे वाक्यही अर्धवट आहे. बंद झाली ती परदेशातून आयात. देशातला व्यापार त्यानंतरच फोफावला. १७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरीलँडकडून दक्षिण-पश्चिमेच्या कापूसपट्ट्यात सुमारे १० लाख माणसं नेली गेली. विकलेली, किंवा मालकानं सोबत हलवलेली. नवरा इकडे, बायको तिकडे, मुलं तिसरीकडे.

उत्तरेच्या गिरण्या हा वेगळा धडा समजू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी शेतकऱ्यांच्या मुली घंटेवर उठत, घंटेवर जेवत आणि दिवसाला बारा तासांहून जास्त काम करत. मजुरी कापली तेव्हा १८३४ मध्ये त्यांनी संप केला, १८३६ मध्ये पुन्हा केला. त्यांच्या मागावर चढणारं सूत दक्षिणेतल्या कापसाचं होतं. आणि गुलामांच्या अंगावर चढवायला मळेवाले जे जाडंभरडं कापड विकत घेत, त्याला दक्षिणेत ‘लॉवेल’ असंच नाव पडलं होतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्याचं सगळे चांगलं लिहितात: ३६३ मैल, १८२५ मध्ये पूर्ण, टनामागे १०० डॉलरच्या घरातलं भाडं १० च्या आसपास. तिथे चूक फारशी होत नाही.

१८१२ चं ब्रिटनशी झालेलं युद्ध दोन ओळींत उरकणं

‘तह आधी झाला, न्यू ऑर्लिन्सची लढाई नंतर, म्हणजे लढाई निरर्थक’ हे वाक्य पाठ केलेलं असतं. गेंटच्या तहावर २४ डिसेंबर १८१४ ला सह्या झाल्या आणि लढाई ८ जानेवारी १८१५ ची, हे खरं. पण सिनेटनं तहाला मंजुरी दिली फेब्रुवारी १८१५ मध्ये. तोवर युद्ध कायद्यानं चालूच होतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच युद्धाच्या आडोशानं झालेलं क्रीक युद्ध. १८१४ मध्ये फोर्ट जॅक्सनच्या तहात क्रीकांकडून सुमारे २.३ कोटी एकर जमीन घेतली गेली. त्यात तेव्हा सेनापती असलेल्या जॅक्सनच्या बाजूनं लढलेल्या क्रीकांची जमीनही गेली. पुढे काय झालं ते अलाबामात बघा. १८१९ मध्ये ते राज्य झालं, गोऱ्या पुरुषांना मालमत्तेच्या अटीशिवाय मत मिळालं, कापूस लागला, आणि १८३० पर्यंत तिथे १ लाख १७ हजार गुलाम होते. उत्तरात एकच उदाहरण द्यायला जागा असेल तर हे द्या.

चेरोकींबद्दलच्या तीन चुका

‘ते शिकारीवर जगणारे, म्हणून टिकले नाहीत.’ सिकोया यांनी १८२१ पर्यंत चेरोकी भाषेची लिपी तयार केली, १८२७ मध्ये चेरोकींनी स्वतःचं लिखित संविधान केलं, १८२८ मध्ये न्यू एकोटा इथे त्यांचं वृत्तपत्र निघालं. त्याच सुमारास जॉर्जियातल्या त्यांच्या मुलखात सोनं सापडलं.

‘१८३८ ची हकालपट्टी जॅक्सननं केली.’ हकालपट्टीचा कायदा जॅक्सनच्या काळातला, १८३० चा. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी निसटता मंजूर झाला. म्हणजे विरोध होता. प्रत्यक्ष सैन्य पाठवलं गेलं तेव्हा अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन होते. सुमारे १६ हजार चेरोकींना हाकलण्यात आलं आणि त्यातले ४ हजारांच्या आसपास मेले.

‘मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच अंमल करावा’ हे जॅक्सनच्या तोंडी घातलेलं वाक्य १८६४ मध्ये छापलं गेलं. (मार्शल म्हणजे तेव्हाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल.) अवतरणचिन्हात लिहू नका.

ज्या खटल्यावरून हे वाक्य रचलं गेलं, तो सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याचा. त्यांना ज्या बोस्टनच्या मिशनरी मंडळानं चेरोकींकडे पाठवलं, त्याच मंडळानं पाठवलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले होते. आपल्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणून माहीत असलेलं काम तिथून सुरू झालं, मुंबईतली १८२४ ची मुलींची शाळाही त्यांचीच. अमेरिकेतल्या धर्मजागृतीच्या लाटेचं एक टोक असं आपल्या गावात आहे. राज्याच्या परवान्याशिवाय चेरोकींच्या मुलखात राहिल्याबद्दल वूस्टर यांना जॉर्जियानं चार वर्षांची सक्तमजुरी सुनावली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली, तरी त्यांची सुटका व्हायला १८३३ उजाडलं. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी चेरोकींचा छापखाना जप्त केला. त्याच वर्षी वूस्टर पश्चिमेला गेले आणि तिथे त्यांनी चेरोकी अक्षरांचे खिळे पुन्हा जुळवायला घेतले.