सायटोकाइन काम करत नाही? आधी या चुका टाळा

प्रयोगशाळेतल्या पेशींना सायटोकाइन (पेशींमध्ये संदेश पोचवणारं प्रथिन) दिलं आणि त्यांनी प्रतिसाद दिला नाही, की पहिला संशय विकत आणलेल्या बॅचवर जातो. आयएल-२, आयएल-६, टीएनएफ-अल्फा अशी रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली) मानवी सायटोकाइन्स मात्र बऱ्याचदा पेशींपर्यंत पोचण्याआधीच आपल्याच हातून वाया गेलेली असतात.

व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, सुकवलेलं प्रथिन असतं जेमतेम दहा-वीस मायक्रोग्रॅम. ते धड दिसतही नाही आणि वाहतुकीत झाकणालाही चिकटतं. व्हायल रिकामी आल्याची तक्रार करण्याआधी ती न उघडता थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून प्रथिन तळाशी आणा. विरघळवायला डेटाशीटमध्ये सांगितलेलाच द्रव घ्या. काही उत्पादक आयएल-२ साठी सौम्य आम्ल सुचवतात, तिथे सवयीने पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) ओतलं तर प्रथिनाच्या गुठळ्या होऊ शकतात. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) नकोच.

सर्वांत जास्त नुकसान पातळ द्रावणात होतं. मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम एवढंच प्रथिन असेल, तर त्यातला मोठा भाग ट्यूबच्या भिंतीला, पिपेटच्या टिपला चिकटून बसतो. स्टॉक ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून दाट ठेवा, पुढच्या डायल्यूशनमध्ये (त्यातून केलेल्या पातळ द्रावणात) ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला आणि लो-बाइंडिंग ट्यूब वापरा. पातळ द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं म्हणजे उरलंसुरलं प्रथिन फिल्टरला देऊन टाकणं. (सायटोकाइनला चमकणाऱ्या रंगासारखं लेबल जोडायचं असेल तर बीएसए चालत नाही, कारण लेबल त्यालाच लागतं. तेव्हा कॅरियर-फ्री, म्हणजे बीएसएसारखं सोबतचं प्रथिन नसलेली, व्हायल मागवा.) एकेका प्रयोगापुरते अलिकोट (छोटे वाटे) करा. ऑटो-डिफ्रॉस्ट फ्रीझरमध्ये ते ठेवू नका, त्याचं तापमान सतत वर-खाली होतं.

जुन्या पेपरमध्ये मात्रा युनिटमध्ये (प्रथिनाच्या परिणामाच्या मापात) असते आणि आपण नॅनोग्रॅममध्ये मोजतो. ईडी-५० (कमाल प्रतिसादाच्या निम्मा प्रतिसाद देणारी मात्रा) मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅम असेल, तर एका मिलिग्रॅममध्ये १ कोटी युनिट. पण हे युनिट उत्पादकाच्या चाचणीतल्या पेशींवरचं असतं, आंतरराष्ट्रीय युनिट असेलच असं नाही. त्यामुळे आपल्या पेशींवर डोस-रिस्पॉन्स (कोणत्या मात्रेला किती प्रतिसाद) काढावाच लागतो.

उंदराच्या पेशी वापरताय? मानवी आयएल-२ ला त्या प्रतिसाद देतात, मानवी इंटरफेरॉन-गॅमाला देत नाहीत.

प्रतिसाद मिळाला नाही तर निदान शोध तरी सुरू होतो. मिळालेला प्रतिसाद खोटा असला तर कुणी बघतच नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. ई. कोलाय या जीवाणूत बनवलेल्या प्रथिनात एन्डोटॉक्सिनचा (जीवाणूच्या आवरणातल्या विषारी घटकाचा) अंश राहू शकतो, आणि मोनोसाइट, डेन्ड्रिटिक अशा रोगप्रतिकारक पेशी तेवढ्यानेही पेटून उठतात. आयएल-६ वाढलं म्हणून आपण खूश, आणि काम केलेलं असतं एन्डोटॉक्सिननं! म्हणून थोडं सायटोकाइन उकळून त्याचा तुलनेसाठी कंट्रोल ठेवा. बहुतेक प्रथिनं उष्णतेनं मोडतात, एन्डोटॉक्सिन सहज मोडत नाही. उकळलेल्या नमुन्यालाही पेशी तितक्याच जोरात उत्तर देत असतील, तर पॉलिमिक्सिन-बी (एन्डोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारं प्रतिजैविक) घालून पुन्हा बघा. त्यानं प्रतिसाद विझला, तर आधीचे आकडेही त्याच संशयाने तपासावे लागतील.